नकार देण्याची रीत

शास्त्रपाठ : दानीएल १:३-१६, १ करिंथ १०:२३-३३, प्रे. कृत्ये १९:३५-४१

आपल्या मंडळ्यांतील बहुतेक कुटुंबे आज ख्रिस्ती वस्तीत राहत नाहीत. बेळगावच्या गल्लीत, इंदूरच्या वाड्यात, बडोद्याच्या सोसायटीत किंवा हैदराबादच्या क्वार्टर्समध्ये आपले एक घर आणि भोवताली इतर सर्व, अशीच अनेकांची स्थिती आहे. त्यामुळे ख्रिस्ती मनुष्याने काय करू नये हा प्रश्न शब्बाथशाळेत वारंवार निघतो, आणि त्याची उत्तरेही मुलांना पाठ असतात. परंतु "मी हे करणार नाही" हे कोणाला सांगावे, केव्हा सांगावे व कोणत्या शब्दांत सांगावे, हे शिकवण्याकडे आपले दुर्लक्ष होते. पवित्र शास्त्रात याविषयी भरपूर शिक्षण आहे. या पाठात आपण त्यातील काही भाग पाहू.

बाबेलातील ताट

यहूदाचा राजा यहोयाकीम याच्या कारकिर्दीत, इ. स. पूर्व ६०५ च्या सुमारास, काही तरुणांना बाबेलास नेण्यात आले. खास्द्यांची विद्या व भाषा त्यांना तीन वर्षे शिकवावी असे ठरले. त्यांची नावेही बदलली. दानीएल या नावात इस्राएलाच्या देवाची आठवण आहे. बेल्टशस्सर हे नाव तर नबुखद्नेस्सर आपल्या दैवताच्या नावावरून सांगतो (दानीएल ४:८). एखाद्याला वाटेल, नकार द्यायचा तर तो इथेच द्यायला हवा होता. पण दानीएल त्या नावाने वावरला, ती भाषा शिकला, ती विद्या शिकला आणि राजाने परीक्षा घेतली तेव्हा इतरांपेक्षा दसपट सरस ठरला. त्याने नाकारले ते राजाचे मिष्टान्न व द्राक्षारस. परक्या संस्कृतीतील प्रत्येक गोष्टीला त्याने विटाळ म्हटले नाही, हे प्रथम लक्षात घ्यावे.

आता आठवे वचन पाहा. त्यात दोन क्रिया आहेत; शिक्षकांनी त्या फळ्यावर लिहाव्यात. त्याने मनात निश्चय केला, आणि त्याने विनंती केली. निश्चय पक्का होता म्हणूनच विनंती सौम्य होऊ शकली. ज्याचा निश्चय डळमळीत असतो त्याला आवाज चढवावा लागतो, हे आपण घरात व कचेरीत रोज पाहतो.

अधिकारी घाबरला. तुम्ही वाळलेले दिसलात तर राजा माझे डोके उडवील, असे तो म्हणाला. दानीएलाने त्याला भित्रा ठरवले नाही. त्याने त्याची अडचण खरी मानली. मग त्याने देखरेख करणाऱ्या कारभाऱ्याला गाठले, दहा दिवस शाकभाजी व पाणी देऊन पाहावे असे सुचवले, आणि निकाल त्या कारभाऱ्याच्याच हाती ठेवला. आपल्या विश्वासाची किंमत दुसऱ्या कोणाला, त्यातून हाताखालच्या नोकराला, मोजावी लागू नये याची एवढी काळजी एक बंदिवान तरुण घेतो.

आपल्यातील जे बंधू कारखान्यात किंवा वर्कशॉपमध्ये कामास आहेत त्यांना खंडेनवमीचा प्रसंग ठाऊक आहे. यंत्रांची पूजा होते, नारळ फुटतो, आणि ऐन वेळी कोणीतरी म्हणते, "चला, आज हळदकुंकू तुम्ही वाहा." तेव्हा सर्वांसमोर हात मागे घेतला की बोलावणाऱ्याचा अपमान होतो. दानीएल ताट पुढे येण्याची वाट पाहत बसला नाही. आठ दिवस आधी साहेबांना भेटून सांगता येते, "साहेब, पूजा माझ्या हातून होणार नाही, माझ्या श्रद्धेला ते धरून नाही. पण यंत्रे धुणे-पुसणे, मांडामांड, नंतरची आवराआवर, सारे माझ्याकडे द्या." असे सांगणाऱ्याचा राग क्वचितच कोणी धरतो. आणि धरलाच, तरी काम चुकवण्यासाठी हा धर्म पुढे करतो असे तरी कोणी म्हणू शकत नाही.

येथे नामानाची गोष्ट काही जण पुढे करतात. धनी माझ्या हातावर टेकून रिम्मोनाच्या देवळात नमतो तेव्हा मलाही वाकावे लागते, याची क्षमा असावी, असे तो म्हणाला व अलीशाने त्याला शांतीने जा म्हटले (२ राजे ५:१८-१९). हा भाग खरा आहे व त्यातील दया लक्षात ठेवावी; कालपरवा विश्वासात आलेल्या मनुष्याला आपण संदेष्ट्यापेक्षा अधिक कडक नियम लावू नयेत. परंतु ज्यांच्या घरी तीन पिढ्या उपासना चालू आहे त्यांनी नामानाच्या आड लपणे शोभत नाही.

दानीएलाविषयी आणखी एक गोष्ट. राजाने बाबेलातील सर्व ज्ञान्यांना ठार मारण्याचा हुकूम काढला. त्यांत ज्योतिषी होते, मांत्रिक होते. दानीएलाची मागणी काय? बाबेलच्या ज्ञान्यांचा नाश करू नका (२:२४). ज्यांच्या विद्येवर त्याचा भरवसा नव्हता त्यांच्या प्राणांसाठी तो रदबदली करतो. अशा मनुष्याचा नकार लोक ऐकून घेतात.

करिंथातील तीन जागा

पौल करिंथात दीड वर्ष राहिला (प्रे. कृत्ये १८:११). त्या शहरात देवळे पुष्कळ होती. अस्क्लेपियस या आरोग्याच्या दैवताच्या देवळाला लागूनच भोजनाच्या खोल्या होत्या, त्या उत्खननात सापडल्या आहेत. म्हणजे देऊळ, मेजवानी, सोयरसंबंध व व्यवहार ही सारी एकमेकांत गुंतलेली होती. नव्या ख्रिस्ती लोकांनी साहजिकच पौलाला विचारले की नैवेद्याच्या मांसाचे काय करावे. आपल्याला हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही.

पौल एकच सरसकट उत्तर देत नाही. तो तीन जागा वेगळ्या करतो. देवळातील पंक्तीत बसणे त्याला मान्य नाही. प्रभूचे मेज व ते मेज, दोन्हींत भाग घेता येत नाही (१०:२१). बाजारात मात्र चौकशी करीत बसू नये, कारण पृथ्वी प्रभूची आहे. आणि विश्वास न ठेवणाऱ्या कोणी घरी जेवायला बोलावले व जावेसे वाटले, तर जावे आणि पुढे वाढतील ते खावे. शेजाऱ्याच्या घरी जेवायला जाण्याची ही मोकळीक प्रेषितानेच दिलेली आहे. तरी आपल्यातील काही घरांत दिवाळीच्या फराळाचे ताट आले की चकलीकडेही संशयाने पाहतात! संक्रांतीचा तिळगूळ हाती ठेवताना शेजारी आपल्याकडून गोड बोलण्याचे वचन मागतो. तो हसून घ्यावा आणि ते वचन पाळावे.

पण त्याच जेवणात कोणी सांगितले की हा नैवेद्य आहे, तर खाऊ नये, असे पौल म्हणतो; आणि कारण देतो ते विशेष आहे. सांगणाऱ्याकरिता, त्याच्या सदसद्विवेकबुद्धीकरिता खाऊ नये (१०:२८-२९). आपल्या स्वतःच्या शुद्धतेचा मुद्दा तो येथे काढीतच नाही.

हे वचन आपल्या दारात आणून पाहा. शेजारच्या काकू सत्यनारायणाचा शिरा वाटीत घेऊन येतात व म्हणतात, "प्रसाद आहे." करिंथकरांस लिहिलेला प्रसंग तो हाच. त्यांच्या दृष्टीने ती वाटी मिठाईची नाही, भक्तीची आहे. ती आपण नुसता गोड पदार्थ म्हणून खाऊन टाकली तर आपल्या विश्वासाचा प्रश्न राहिलाच, शिवाय त्यांच्या भक्तीलाही आपण हलके लेखले. आदराने दिलेला नकार म्हणजे एका अर्थी त्यांचा शब्द खरा मानणे आहे. वाटी घेऊन मागच्या दाराने टाकून देणे किंवा मोलकरणीला देऊन मोकळे होणे ही युक्ती फार चालते. ती सर्वांत वाईट. तिच्यात खोटेपणा आहे आणि अपमानही आहे. त्यापेक्षा सरळ म्हणावे, "काकू, तुम्ही आठवणीने आणलंत, फार बरं वाटलं. आमच्यात देवापुढे ठेवलेलं घेत नाहीत, राग मानू नका. तुमच्या हातची पुरणपोळी मात्र मी मागून घेणार. आत या, चहा घेऊन जा." यातील शेवटची दोन वाक्ये गाळली तर पहिले कोरडे पडते.

उत्सवाच्या वर्गणीविषयी मंडळीत एकमत नाही, आणि रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायाप्रमाणे त्यावरून एकमेकांचा न्याय करू नये. माझे मत असे की मूर्तीच्या खर्चासाठी देणे जमत नसेल तर तसे नम्रपणे सांगावे. पण त्याच मंडळाने रक्तदान, पूरग्रस्तांना मदत किंवा गल्लीतील नळाचे काम हाती घेतले की पहिली पावती आपल्या नावाने फाटावी. वर्षभर कशालाच हात न लावणाऱ्याचा धर्म लोकांना कंजूषपणासारखा दिसतो, आणि त्यांना दोष देता येत नाही.

आपल्या मराठी ख्रिस्ती इतिहासातही ही समज दिसते. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला, तरी त्या जन्मभर शाकाहारी राहिल्या. रेव्ह. ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याकडे परत राहावयास आल्या तेव्हा त्या आपले सोवळे सांभाळून वेगळा स्वयंपाक करीत, व टिळकांनी ते चालू दिले. लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या त्या आपल्या मनाने.

जिभेविषयी

इफिस शहरात पौलाच्या सोबत्यांना जमावाने पकडले. तेव्हा शहराच्या शिरस्तेदाराने लोकांना शांत करताना साक्ष दिली की या मनुष्यांनी देवळे लुटली नाहीत व आपल्या देवीची निंदाही केली नाही (प्रे. कृत्ये १९:३७). पौल त्या प्रांतात दोन वर्षांहून अधिक काळ उपदेश करीत होता. हातांनी केलेले देव हे देव नव्हेत असे तो शिकवतो हे सोनारांनाही माहीत होते (१९:२६). त्याने आपला संदेश पातळ केला नव्हता. तरीही निंदेचा आरोप त्याच्या माणसांवर चिकटला नाही, आणि हे सांगणारा ख्रिस्ती नव्हता.

येथे मुले विचारतील, व विचारावेच, की यशया मूर्तींची थट्टा करतो ती कशी? एलीया कर्मेलावर टोमणे मारतो ते कसे? याचे उत्तर श्रोत्यांत आहे. यशयाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायात बोलणे याकोबाशी आहे; कर्मेलावर जमलेले लोक इस्राएल होते, कराराचे लोक, दोन मतांमध्ये लंगडणारे. संदेष्टे आपल्याच घराला झोडपतात. पौल अथेन्सात गेला तेव्हा मूर्ती पाहून त्याचा आत्मा संतापला (१७:१६), पण अरीयपगात उभा राहिला तेव्हा त्याने त्या लोकांच्या धर्मशीलतेपासून सुरुवात केली. शेजाऱ्याच्या देवाला दगड म्हणून हिणवणारा मुलगा एलीयाचे अनुकरण करीत आहे असे त्याला वाटू देऊ नये.

वर्गात

लहान वर्गांत हा पाठ नाट्यरूपाने घ्यावा. एका मुलीने वाटी घेऊन यावे, दुसरीने नकार द्यावा, मग वाटी आणणारीला विचारावे, "तुला कसे वाटले?" उत्तर तिने द्यावे, शिक्षकांनी नव्हे. मोठ्या मुलांना दानीएल १ आणि १ करिंथ १० यांतील नकार शेजारी शेजारी मांडू द्यावेत, आणि शाळेतील सरस्वतीपूजनाच्या दिवशी आधी कोणत्या बाईंना भेटावे व काय बोलावे हे त्यांच्याकडून लिहून घ्यावे. शेवटी प्रत्येकाने आपल्या मजल्यावरील किंवा गल्लीतील सर्व घरांची नावे कागदावर लिहावीत. कोणाकडे आजारी माणूस आहे, कोणाचा मुलगा नोकरीविना आहे, ते नावापुढे मांडावे, आणि त्या नावांसाठी वर्गातच प्रार्थना करावी. ज्यांना चारपेक्षा अधिक नावे आठवणार नाहीत त्यांनी पुढच्या रविवारपर्यंत ती माहीत करून घ्यावीत.