स्पंजाची पिल्ले

मुलांनो, स्पंजला उर्दूत आपण ‘इस्फंज’ म्हणतो. तो वनस्पती नाही, प्राणी आहे. पण वाढलेला स्पंज एकाच जागी चिकटून राहतो. मग त्याची पिल्ले दूर कशी पोहोचतात?

या पिल्लाला ‘डिंभ’ म्हणतात. तो बहुधा मिलिमीटरभरही नसतो. अंगावरचे केसांसारखे बारीक धागे हलवून तो पोहतो. त्याला तोंड नसते! आईकडून मिळालेली शिदोरी संपण्याआधी त्याला चिकटायला जागा सापडली पाहिजे. बहुतेक डिंभांना त्यासाठी काही तास किंवा काही दिवसच मिळतात. खरे तर तो पोहतो थोडा आणि वाहतो फार.

कॅनडाच्या पूर्वेला, नोव्हा स्कोशियाजवळच्या खोल समुद्रात पिंपाच्या आकाराचे काचस्पंज आहेत. काच ज्या सिलिकापासून बनते, त्याचाच त्यांचा सांगाडा असतो. तळ खरवडणाऱ्या जाळ्यांनी ते मोडतात. म्हणून २०१३ साली कॅनडाने तेथील दोन जागा अशा मासेमारीला बंद केल्या.

पण एका जागेचे स्पंज नष्ट झाले, तर दुसरीकडून डिंभ येतील का? एवढ्याशा जिवाच्या पायात कबुतरासारखी चिठ्ठी बांधता येत नाही. म्हणून शास्त्रज्ञ संगणकावर समुद्राचे प्रवाह मांडतात, त्यांत काल्पनिक कण सोडतात आणि ते कोठे पोहोचतात हे पाहतात. प्रवाह एकाच दिशेने वाहत असेल, तर वरची वसाहत खालच्या वसाहतीला पिल्ले पुरवते. खालची तिला काहीच परत देऊ शकत नाही. तेथे वरची वसाहत आधी वाचवावी लागते.