डॅमेज शून्य, तरी भारी

होमब्रू शक्ती हातात पडली की बहुतेक डीएम आधी डॅमेजचे फासे मोजतात. माझ्या टेबलावर मात्र सगळ्यात जास्त वाट लावली ती एका फाशाचंही डॅमेज नसलेल्या शक्तीनं.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ची पाचवी आवृत्ती, २०१४चे नियम, तिसऱ्या लेव्हलचे चार खेळाडू. एकानं आपल्या फायटरसाठी 'दरारा' लिहून आणला. बोनस अ‍ॅक्शनमध्ये आरोळी ठोकायची. समोरच्याचा डीसी १३चा विज्डम सेव्ह हुकला, की तो त्याच्या पुढच्या टर्नच्या शेवटापर्यंत स्टन. कितीही वेळा वापरा. ''यात डॅमेजच कुठाय?'' म्हणत सगळ्यांनी माना डोलावल्या.

मग ओगर आला. ५९ हिट पॉइंट्स, एका फटक्याला सरासरी १३ डॅमेज. तिसऱ्या लेव्हलला घाम फोडणारं प्रकरण. पण त्याचा विज्डम सेव्ह उणे दोन. वाचायला फाशावर १५ किंवा वर हवेत, म्हणजे शंभरातल्या सत्तर वेळा गडी गार. स्टन झाल्यावर टर्न तर जातेच, वर त्याच्यावरच्या प्रत्येक हल्ल्याला अ‍ॅडव्हान्टेज. चौघांविरुद्ध एकटा लढणाऱ्याची एक टर्न गेली, की शत्रूचा अख्खा राउंड गेला. गदा एकदाही न उगारता ओगर मेला. जिंकलेले चौघं चक्क कंटाळले होते.

म्हणून सांगतो, शक्ती कोणाची टर्न खाते आणि किती वेळा, ते आधी बघा. मग तिच्या जवळची छापील शक्ती शोधा. मंकचा स्टनिंग स्ट्राइक पाचव्या लेव्हलला मिळतो, आधी वार लागावा लागतो, दर वेळी एक की पॉइंट जातो आणि सेव्ह असतो कॉन्स्टिट्यूशनचा. ओगरचा तो सेव्ह अधिक तीन. डीसी १३च धरला तरी तो शंभरात पंचेचाळीस वेळाच फसतो. नुसता सेव्ह बदलल्यानं एवढा फरक पडतो. तुलनेला फायरबॉल मात्र घेऊ नका, तो लाडावलेला मंत्र आहे. डीएमच्या मार्गदर्शक पुस्तकातला तक्ता तिसऱ्या लेव्हलच्या, अनेकांना लागणाऱ्या मंत्राला ६डी६ देतो. फायरबॉलला मिळालेत ८डी६.

'प्रत्येक वाराला अधिक १डी६' असं लिहिलेलं दिसलं, तर पाचव्या लेव्हलच्या फायटरचे दोन वार आणि अ‍ॅक्शन सर्जमुळे होणारे चार आठवा. रोगच्या स्नीक अटॅकला 'टर्नमध्ये एकदाच' ही अट उगीच नाही.

शक्ती एकदा एकट्या ओगरवर चालवून बघा, एकदा आठ गॉब्लिनांवर. गॉब्लिनांपुढे 'दरारा' अगदीच फुसका निघाला, त्यामुळे तो काढून टाकायची गरज नव्हती. आता त्याला पूर्ण अ‍ॅक्शन लागते, शॉर्ट रेस्टमागे एकदाच चालतो, आणि स्टनऐवजी फ्रायटन्ड करतो. ओगर पुढे सरकत नाही, त्याच्या हल्ल्याला डिसअ‍ॅडव्हान्टेज लागतं, पण जवळ असेल त्याच्यावर गदा फिरतेच. आरोळीपायी हल्ला हुकतो म्हणून तो खेळाडू अजून कुरकुरतो. वापरतो मात्र प्रत्येक मोठ्या लढाईत.