गाडीचा ‘मेंदू’ दुरुस्त करावा की नवा बसवावा?



या पानावर आपण नेहमी बेणे, लागण, खोडवा, पाचट यांविषयी बोलतो. या खेपेचा विषय जरा निराळा आहे. पण तोडलेला ऊस फडातून गव्हाणीपर्यंत वेळेत पोचणे हेही ऊस विकासाचेच काम. तोडणीनंतर उसाचे वजन घटते, आणि आतली साखरही उतरू लागते. चोवीस तासांच्या आत गाळप व्हावे असे आम्ही गावोगाव सांगतो; पण भरलेल्या दोन ट्रॉल्यांसह ट्रॅक्टर वाटेत उभा राहिला, की आमचे सांगणे सांगण्यापुरतेच उरते.

पूर्वी ट्रॅक्टर बंद पडला तर डिझेलमध्ये हवा धरली असेल, फिल्टर चोंदला असेल, फार तर पंप गेला असेल. गावचा मिस्त्री पाना घेऊन यायचा आणि तासाभरात काम व्हायचे. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीपेक्षा मोठ्या नव्या ट्रॅक्टरना धुराचे कडक नियम लागू झाले. मोटारी व पिकअप तर एप्रिल २०२० पासूनच बीएस-६ आहेत. या गाड्यांत कोणत्या क्षणी किती डिझेल सोडायचे हे एक बंद डबी ठरवते. तिला ईसीएम म्हणतात, आपले मिस्त्री ‘कंप्युटर’ म्हणतात. ही कल्पना नवी नाही बरं का. बॉश या जर्मन कंपनीने १९६७ साली फोक्सवॅगनच्या मोटारीला असे इलेक्ट्रॉनिक इंधन-नियंत्रण बसवले होते. आपल्या बांधावर ते आता आले, इतकेच.

ही डबी बिघडली असे कोणी सांगितले की सभासदाच्या पोटात गोळा येतो, कारण नवीची किंमत जबर असते. माझ्याही पोटात आला होता. माझी जुनी डिझेल मोटार तापली की बंद पडायची आणि निवली की मुकाट्याने चालू व्हायची. एका गॅरेजवाल्याने ‘ईसीएम गेला’ असे सांगितले. मी घाई केली, नवा बसवला. आठ दिवसांनी अंबड रस्त्यावर गाडी पुन्हा उभी! शेवटी एका वायरमनने इंजिनाच्या अर्थिंगची पट्टी हलवून दाखवली. नट ढिला होता आणि खाली हिरवा गंज चढला होता. पॉलिश पेपरने घासून नट आवळला, काम संपले. काढलेला जुना ईसीएम अजून माझ्या कपाटात आहे, आणि तो चांगला आहे. दुखणे रेड्याला आणि डाग पखालीला म्हणतात ते हेच.

म्हणून दुरुस्त की नवा, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, डबी खरोखर बिघडली आहे का? साधा मल्टीमीटर घ्या. गाडी बंद असताना भरलेल्या बॅटरीचा दाब १२.६ व्होल्टच्या आसपास हवा. स्टार्टर मारताना तो १० च्या खाली जात असेल, तर ईसीएम गोंधळतो आणि नसते दोष दाखवतो. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ हवा. मग मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी इंजिनाच्या लोखंडाला लावून स्टार्टर मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर अर्थिंग तपासा. फ्यूज व रिले पाहा. उंदरांनी वायर कुरतडली आहे का तेही पाहा, कारण गोठ्याशेजारी उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हे फार आढळते.

आणखी एक खुबी लक्षात ठेवा. बहुतेक सेन्सरना ईसीएम ५ व्होल्टचा पुरवठा देतो. एकच सेन्सर आतून शॉर्ट झाला तरी तो पुरवठा खाली ओढला जातो आणि सगळी डबीच मेली असे वाटते. अशा वेळी एकेक सेन्सरचे कनेक्टर काढून पुरवठा परत येतो का ते मिस्त्रीला पाहायला लावा. स्कॅनर लावला असेल तर दोषाचा क्रमांक कागदावर मागून घ्या. पी ०६०१ किंवा पी ०६०६ हे क्रमांक डबीच्या आतल्या दोषाचे आहेत. पी ०५६० हा गाडीच्या वीज-दाबाचा. अर्थात आतल्या दोषाचा क्रमांक आला तरी आधी बॅटरी-अर्थिंग पाहिल्याखेरीज पैसे मोजू नयेत.

एवढे करूनही दोष डबीतच निघाला, तर तो कोणत्या जातीचा ते विचारा. डाग तडकलेला असेल, कपॅसिटर फुगला असेल, इंजेक्टर चालवणारा एखादा ट्रान्झिस्टर जळला असेल, तर जाणता कारागीर हे काम चांगले करतो. पण मुख्य प्रोसेसरच गेला असेल, किंवा पुराचे पाणी आत राहून पाटी थरांपर्यंत कुजली असेल, तर दुरुस्तीच्या नादी लागू नये. आज चालेल, महिन्याने दगा देईल. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत गोदाकाठी पाणी शिरले, तशी वेळ आली तर गाडीला स्टार्टरच मारू नका. बॅटरी सोडवा आणि आधी विमा कंपनीला कळवा. वॉरंटीतल्या गाडीची डबी तर बाहेर उघडूच नये.

आता हिशेब. आकडे केवळ समजण्यापुरते धरू, आपले आपण घालावेत. समजा, नवी डबी कोडिंगसह ६०,००० रुपये, दुरुस्ती १२,००० रुपये. हंगामात गाडी उभी राहिली तर दिवसाला ४,००० बुडतात. दुरुस्तीला चार दिवस, नवीला दोन. म्हणजे दुरुस्ती २८,००० ला पडली आणि नवी ६८,००० ला. पण दुरुस्ती फसली तर २८,००० पाण्यात, वर ६८,००० आहेतच. हे मांडून पाहिले तर दहापैकी निदान चार-पाच वेळा यश येण्याची आशा असेल तरच हंगामात दुरुस्ती परवडते. पावसाळ्यात गाडी रिकामीच उभी असते, दिवसाचे नुकसान नाही. तेव्हा दहात दोन-तीन वेळांची आशाही पुरे. हंगामात जे करू नये ते जुलैत करावे, असे मी म्हणतो. नवी डबी महिनाभर मिळणारच नसेल, तर मात्र हंगामातही दुरुस्तीच बरी.

जुन्या बाजारातली डबी स्वस्त दिसते. तिच्यावरचा भाग क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला पाहिजे. जुळला तरी पुष्कळ गाड्यांत ती किल्लीच्या कुलूप-यंत्रणेशी बांधलेली असते आणि इंजेक्टरचे क्रमांकही तिच्यात भरावे लागतात. हे करून देणारा माणूस आधी गाठा, मग डबी घ्या. आणि बिलाशिवाय घेऊ नका, चोरीच्या गाडीची निघाली तर नसती भानगड.

दुरुस्ती करून घेताना काढलेले भाग परत मागा, हमी किती महिन्यांची ते बिलावर लिहून घ्या, आणि गाडी तापेपर्यंत चालवून पाहिल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. गार गाडीत तडकलेला डाग लपून बसतो.

जाता जाता वेल्डिंगविषयी. ट्रॉलीचा हुक किंवा ड्रॉबार तुटला की फडातच वेल्डिंग मशीन येते आणि ट्रॅक्टर जोडलेलाच असतो. हा प्रवाह ईसीएममधून वाट काढू शकतो. ट्रॉली आधी सोडवा. ट्रॅक्टरवरच काम असेल तर बॅटरीची दोन्ही टोके काढा, ईसीएमचा कनेक्टरही काढा, आणि वेल्डिंगची अर्थ वायर तुटलेल्या जागेच्या अगदी जवळ लावा. तसेच बॅटरी उतरली म्हणून २४ व्होल्टच्या ट्रकवरून १२ व्होल्टच्या ट्रॅक्टरला झटका देऊ नका.

खोडवा व्यवस्थापनाचा राहिलेला भाग पुढील अंकी.

— ऊस विकास अधिकारी