घर्षण : चालविणारे आणि झिजविणारे बळ

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्या सौंसर-पांढुर्णा भागातील शेतकरी बैलांचे खांदे तूप किंवा लोणी आणि हळद लावून चोळतात. वर्षभर जुवाखाली घासल्या गेलेल्या कातडीला मऊपणा देणारी ही खांदेमळणी म्हणजे घर्षणाने केलेल्या इजेवर आपल्या पूर्वजांनी शोधलेला उपचारच होय. त्याच बैलगाडीच्या आसाला वंगण घातले जाते, कारण तेथे घर्षण नको असते. पण बैलाचे खूर आणि रस्ता यांच्यामध्ये घर्षण नसेल, तर बैल गाडी ओढूच शकणार नाही. एकाच गाडीत एके ठिकाणी घर्षण शत्रू, तर दुसऱ्या ठिकाणी मित्र! हा विरोधाभास समजून घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

घर्षण म्हणजे काय?

एकमेकांस टेकलेल्या दोन पृष्ठभागांच्या सापेक्ष गतीला विरोध करणारे बळ म्हणजे घर्षण. गुळगुळीत वाटणारी फरशीदेखील सूक्ष्मदर्शकाखाली डोंगरदऱ्यांसारखी दिसते. दोन पृष्ठभाग प्रत्यक्षात काही मोजक्या शिखरांवरच टेकतात आणि तेथे त्यांचे रेणू एकमेकांस धरून ठेवतात. ही पकड तोडण्यासाठी बळ लागते.

लिओनार्दो दा विंची याने पंधराव्या शतकाच्या अखेरीस या विषयावर प्रयोग करून टिपणे लिहिली होती. पुढे फ्रान्समध्ये आमोंतों याने 1699 मध्ये आणि कुलोम याने 1785 मध्ये त्याचे नियम मांडले. घर्षण हे पृष्ठभागांवरील दाबबळाच्या प्रमाणात वाढते. ते दिसणाऱ्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते. तसेच स्थिर वस्तू हलविण्यास जेवढे बळ लागते, त्यापेक्षा ती सरकती ठेवण्यास कमी लागते. धान्याचे पोते ओढताना पहिला हिसका जड जातो, याचे कारण हेच. रबरासारख्या मऊ पदार्थांना मात्र हे नियम ढोबळमानानेच लागू पडतात.

रस्त्यावरील घर्षण

ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारे वाहन कोरड्या डांबरी रस्त्यावर ब्रेक लागल्यानंतर सुमारे 20 मीटरमध्ये थांबते. रस्ता ओला असून टायर झिजलेले असतील, तर हेच अंतर 35 मीटर किंवा त्याहून अधिक होते. शिवाय ब्रेक दाबण्यापूर्वी विचारात गेलेल्या एका सेकंदात वाहन सुमारे 17 मीटर पुढे गेलेले असते. वेग दुप्पट केला, तर ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौपट होते.

छिंदवाड्याकडे जाताना लागणाऱ्या सिल्लेवानी घाटाचा विचार करा. एक हजार किलो वजनाचे वाहन 100 मीटर उंची उतरते, तेव्हा ब्रेकच्या घर्षणाने निर्माण होऊ शकणारी उष्णता सुमारे तीन लिटर साधे पाणी उकळीला आणण्याइतकी असते. सतत ब्रेक दाबून ठेवल्यास ते तापतात आणि त्यांची पकड ढिली पडते. म्हणूनच घाट उतरताना वाहन खालच्या गिअरमध्ये ठेवावे, म्हणजे बराच भार इंजिन घेते.

शरीरातील घर्षण

निसर्गाने आपल्या सांध्यांत केलेली वंगणव्यवस्था थक्क करणारी आहे. कूर्चा आणि सांध्यातील द्राव यांच्यामुळे निरोगी सांध्यातील घर्षण बर्फावर बर्फ घासण्यापेक्षाही कमी असते. भार पडताच कूर्चेतील पाणीच बराचसा दाब पेलते. कूर्चा झिजली की ही व्यवस्था कोलमडते. इंग्लंडमधील शल्यचिकित्सक जॉन चार्नली यांनी कमी घर्षणाचे तत्त्व समोर ठेवूनच कृत्रिम खुबा घडविला. त्यांनी प्रथम वापरलेले टेफ्लॉन अतिशय निसरडे होते, पण ते लवकर झिजले. अखेर 1962 मध्ये त्यांनी धातूचा लहान गोळा आणि टिकाऊ पॉलिएथिलीनची वाटी यांची जोडी वापरली. निसरडेपणा आणि टिकाऊपणा हे दोन वेगळे गुण आहेत, हा धडा त्यातून मिळाला.

फुफ्फुसाच्या आवरणास सूज आली की श्वासागणिक चामड्यावर चामडे घासल्यासारखा आवाज स्टेथॉस्कोपमधून ऐकू येतो. वैद्यक व्यवसायात घर्षण असे कानांनीही ओळखले जाते.

जामसांवलीला पायी येणाऱ्या भाविकांच्या पायांना फोड येतात, तेही घर्षणाचेच काम. त्वचेचा वरचा थर पादत्राणाला किंवा जमिनीला धरून राहतो, आतील हाड पुढे सरकते आणि मधले थर सुटून तेथे द्राव साचतो. घामाने ओलसर झालेल्या त्वचेवर घर्षण वाढते. म्हणून पाय कोरडे ठेवावेत आणि फोडावरील कातडी सोलू नये. मधुमेही व्यक्तीच्या पायाची संवेदना कमी झालेली असेल, तर फोड दुखत नाही आणि त्याचीच जखम चिघळते. अशा व्यक्तीने अनवाणी चालू नये व रोज तळपाय तपासावेत.

याहून गंभीर प्रकार घराघरांत अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांबाबत घडतो. उशाकडचा भाग उंच केला की रुग्णाचे शरीर खाली सरकते. त्वचा चादरीला चिकटून राहते, तर आतील मांस व रक्तवाहिन्या ताणल्या जातात. रक्तपुरवठा खुंटतो आणि माकडहाडावर शय्याव्रण होते. रुग्णाला ओढून वर घेणारा प्रेमाचा हातही नकळत हेच करतो. त्याला दोघांनी चादरीसह उचलावे. डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल, तर उशाकडील चढ 30 अंशांपेक्षा जास्त ठेवू नये, साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी आणि त्वचा कोरडी ठेवावी.

याच वृद्धांना न्हाणीघरात मात्र घर्षण हवे असते. साबणाचे पाणी पाय आणि फरशी यांच्यामध्ये वंगणाचे काम करते. एकदा पाय घसरला की खुब्याचे हाड मोडते आणि अनेकांचे हिंडणे-फिरणे कायमचे थांबते. खरबरीत फरशी, भिंतीला एक दांडी आणि कोरडी जमीन, एवढ्या अल्प खर्चात हे संकट पुष्कळसे टळू शकते.

वाचकहो, घर्षण नष्ट करता येत नाही आणि ते नष्ट व्हावे असेही नाही. ते कोठे वाढवावे व कोठे कमी करावे, एवढा विवेक आपल्या हाती आहे. आसाला वंगण आणि खुराला पकड, हे गाडीवानाचे शहाणपण आपण घरातील वृद्धांच्या अंथरुणापाशी आणि न्हाणीघरात आजपासून वापरावे, ही नम्र विनंती.