मेंढ्यांतील पीपीआर रोग : व्याप्ती आणि कारणे

रायपूरच्या मैदानी मुलखात भाताची कापणी आटोपली की मोकळ्या शेतांत शेळ्या-मेंढ्या चरू लागतात. गावच्या जनावरांबरोबर कच्छकडील रबारी मेंढपाळांचे फिरते कळपही येथे येतात. एकाच पाणवठ्यावर निरनिराळे कळप मिसळले, म्हणजे पीपीआर या विषाणुजन्य रोगाला वाट मिळते.

रोगाचे स्वरूप

हा विषाणू गुरांच्या बुळकांडीच्या व माणसाच्या गोवराच्या विषाणूंचा सगोत्र होय. मात्र तो माणसाला बाधत नाही. 1942 साली आयव्हरी कोस्टमध्ये या रोगाचे प्रथम वर्णन झाले. भारतात तो 1987 साली तामिळनाडूतील मेंढ्यांत आढळला. ताप, नाकाडोळ्यांतून स्राव, तोंडात व्रण, हगवण आणि फुप्फुसदाह ही त्याची लक्षणे होत. गाभण मेंढ्या गाभडतात.

व्याप्ती कशी मोजतात?

मेलेली जनावरे मोजून व्याप्ती कळत नाही. रोगातून वाचलेल्या मेंढीच्या रक्तात प्रतिपिंडे टिकून राहतात. समजा, 100 मेंढ्यांच्या रक्ताची तपासणी केली व 30 मेंढ्यांत ती आढळली, तर शेकडा 30 मेंढ्यांना पूर्वी संसर्ग झाला असे म्हणता येईल. परंतु लसीनेही अशीच प्रतिपिंडे निर्माण होतात, आणि कोकरांना ती आईच्या चिकातून मिळतात. म्हणून वय व लसीकरण यांची नोंद नसेल, तर हा आकडा दिशाभूल करतो.

धोका कोठे असतो?

विषाणू उन्हात फार काळ तग धरीत नाही. तो मुख्यत्वे श्वास व स्राव यांतून, निकट सहवासाने पसरतो. त्यामुळे बाजारातून आणलेले जनावर लगेच कळपात सोडणे, दाटीचे वाडे आणि कळपांची सरमिसळ ही धोक्याची प्रमुख कारणे ठरतात. शेळ्यांत रोग बहुधा अधिक तीव्र दिसतो. मेंढीत तो सौम्य राहून नकळत पसरू शकतो. आईकडून मिळालेले संरक्षण तीन-चार महिन्यांत ओसरते, तेव्हा कोकरांना विशेष धोका असतो.

उपाय

नवे जनावर तीन आठवडे वेगळे ठेवावे व कोकरांना योग्य वयात लस टोचावी. एका मात्रेने किमान तीन वर्षे संरक्षण मिळते. बुळकांडीचे जगातून उच्चाटन झाल्याचे 2011 साली जाहीर झाले. पीपीआरसाठी 2030 हे लक्ष्य ठरले आहे. फिरता कळप लसीकरणातून सुटला, तर रोगाला आसरा उरतो. त्याच्यापर्यंत पोहोचणे हे गावच्या कळपाचेही रक्षण होय.