रक्तशर्करेचे गणित : नमुना केव्हा घ्यावा?

लखनौ येथील केंद्रीय औषधी संशोधन संस्था १९५१ साली छत्तर मंझिल या नवाबी राजवाड्यात सुरू झाली. पुढे ती जानकीपुरम भागातील नव्या आवारात गेली. मधुमेहावरील द्रव्यांची पारख तेथे प्रथम उंदरांवर केली जाते. अशा लहान प्राण्याचे रक्त वारंवार काढता येत नाही. मग मोजके नमुने कोणत्या वेळी घ्यावेत? याचे उत्तर गणितात सापडते.

समजा, शिरेतून ग्लुकोज देताच १०० मिलिलिटर रक्तातील शर्करा नेहमीच्या पातळीहून २०० मिलिग्रॅमने वाढली, आणि ही जादा शर्करा मिनिटास २ टक्के या अखंड वेगाने ओसरू लागली. या वेगास ‘प्राचल’ म्हणतात. तो थेट मोजता येत नाही. गणिताने काढलेली व प्रत्यक्ष मोजलेली शर्करा यांतील फरकांच्या वर्गांची बेरीज किमान होईल, असा वेग निवडावा लागतो.

आता औषधामुळे वेग २.२ टक्के झाला असे धरू. दोन वेगांनी उरणारी जादा शर्करा अशी :

५ मिनिटांनी : १८१ व १७९ मिलिग्रॅम
५० मिनिटांनी : ७४ व ६७ मिलिग्रॅम
२४० मिनिटांनी : १.६ व १.० मिलिग्रॅम

मापनातच दोन-तीन मिलिग्रॅमची चूक संभवते. म्हणून पहिल्या व शेवटच्या नमुन्यात औषधाचा गुण लपून राहील. मधल्या नमुन्यात तो दिसेल. प्राचल किंचित बदलल्यास उत्तर किती बदलते, हे तपासणे म्हणजेच ‘संवेदनशीलता विश्लेषण’.

रिचर्ड बर्गमन, क्लाउडिओ कोबेली व त्यांचे सहकारी यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या ‘किमान प्रतिमाना’त इन्सुलिनचाही हिशेब आहे. इन्सुलिनचा प्रभाव चढण्याचा एक व ओसरण्याचा एक, असे दोन प्राचल त्यात येतात. इन्सुलिन स्थिर ठेवून अखेरची पातळीच मोजली, तर त्यांचे केवळ गुणोत्तर मिळते. दोन्ही वेगळे करण्यास पातळी बदलत असतानाचे नमुने हवेत. ते गुणोत्तर इन्सुलिन शरीरास कितपत लागू पडते हे सांगते. स्वादुपिंडातून इन्सुलिन कमी स्रवते, की स्रवलेले लागू पडत नाही, हा भेद औषध निवडताना महत्त्वाचा ठरतो.

वाचकांनी वेग ४ व ४.४ टक्के धरून वरील तक्ता पुन्हा मांडावा. सर्वांत उपयुक्त वेळ आता २५ मिनिटांच्या सुमारास येईल. अर्थात योग्य वेळ ही शोधावयाच्या वेगावरच अवलंबून असते. म्हणून आधी स्थूल अनुमान, मग वेळांची निवड आणि त्यानंतर सूक्ष्म अनुमान, हाच संशोधकाचा क्रम होय.