उभी गाडी पडते तेव्हा

खंडेनवमीचा दिवस. पाने, पकड, स्क्रू ड्रायव्हर यांना सकाळीच हळदकुंकू वाहून झालं होतं. दुसऱ्या दिवशी दसरा, म्हणजे गाडीची पूजा. म्हणून दुपारी जेवण उरकून मी मोटारसायकल धुवायला खाली उतरलो. गाडी डॉमिनार ४००, कागदावरचं वजन १८७ किलो. पावसाळाभर ताम्हिणी आणि माळशेज पालथे घातलेले, त्यामुळे चेनवर चिखल आणि जुनं वंगण यांचा काळा थर बसलेला.

या गाडीला डबल स्टँड नाही. त्यामुळे मागचं चाक अधांतरी ठेवून चेन साफ करायची तर पॅडॉक स्टँड लागतो. पोलादी नळीची इंग्रजी यू आकाराची ही चौकट असते, तिला खाली दोन छोटी चाकं आणि वर दोन रबरी पॅड. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना जे आडवे हात असतात, ज्यांना गॅरेजवाले स्विंगआर्म म्हणतात, त्यांच्याखाली हे पॅड टेकवायचे आणि मागचा दांडा जमिनीकडे दाबायचा. साधी तरफ आहे. दहा-बारा वेळा मी तो एकट्यानं लावलेला होता, त्यामुळे त्या दिवशीही लावीन याबद्दल मनात शंकासुद्धा नव्हती.

गाडी साइड स्टँडवर, म्हणजे डावीकडे कललेली. फरशी नुकतीच धुतलेली. पायात रबरी चप्पल. डाव्या हातानं मागचा ग्रॅब रेल धरला, उजव्या हातानं स्टँडचा दांडा दाबायला घेतला. डावा पॅड लागल्याचं हाताला कळलं. उजवाही लागला असणार, असं मी धरून चाललो. दाबला. गाडी उठली, सरळ झाली आणि सरळ होऊन थांबायच्या ऐवजी हळूच, अगदी लाजत लाजत, पलीकडे झुकली.

ती क्षणभराची संथ गती मला अजून आठवते. मी स्टँड सोडला आणि दोन्ही हातांनी ग्रॅब रेलला लोंबकळलो. चप्पल सटकली. कमरेत काहीतरी कट्कन झालं. मग तो आवाज. काच, पत्रा आणि फरशी यांचा एकत्र आवाज ज्यानं ऐकला असेल त्याला तो वर्णन करून सांगायला नको.

सतरा वर्षं गाडी चालवतोय. घाटात, पावसात, रात्री, कधी पडलो नाही. आणि पडली ती शून्य वेगात, स्वतःच्या इमारतीखाली, पूजेच्या आदल्या दिवशी.

जोर लावला, पण कुणावर?

आवाज ऐकून सगळ्यात आधी आले ते तळमजल्यावरचे काका. एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपमध्ये त्यांची हयात गेली. त्यांनी गाडीकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. "लागलं का कुठं?" मग स्टँडकडे पाहिलं आणि म्हणाले, "हाक मारायची होतीस की."

मारायची होती. पण 'अहो काका, जरा गाडी धरता का' हे चार शब्द बोलायचा संकोच वाटला, हे खरं कारण. बाकीची सगळी कारणं त्यानंतरची. तरीही ती सांगतो, कारण तुमची गाडी वाचवायला तीच उपयोगी पडतील.

पहिलं, गाडी डावीकडे कललेली असताना मी स्टँड दाबला. कललेल्या गाडीचा डावा हात खाली असतो, उजवा वर. त्यामुळे डावा पॅड आधी टेकतो आणि उजव्यात फट राहते. अशा वेळी दांडा दाबला की स्टँड फक्त डावी बाजू उचलतो, म्हणजे आपणच गाडीला उजवीकडे ढकलत असतो. आणि साइड स्टँड फक्त डाव्या बाजूला. उजवीकडे गाडीला कुणी वाली नाही.

दुसरं, मी उभा होतो डावीकडे. गाडी गेली उजवीकडे. अंगावर येणारी गाडी मांडीनं, खांद्यानं थोपवता येते. दूर जाणारी गाडी फक्त ओढता येते, तीही हाताच्या पंज्यानं.

तिसरं, वजनाचा अंदाज. सरळ उभी गाडी दोन बोटांनी तोलता येते, त्यामुळे आपल्याला वाटतं की ती आपल्या हातात आहे. कमरेला शेक घेत पडलो होतो तेव्हा मी एक ढोबळ गणित मांडलं. गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण ५५ सेंटिमीटरवर आणि माझी पकड ८० सेंटिमीटरवर धरली. ५ अंश कललेली गाडी थोपवायला सुमारे ११ किलोचा जोर लागतो. १० अंशांना २२ किलो. २० अंशांना ४४. ३० अंशांना ६० च्या वर. म्हणजे पाण्याच्या अर्ध्या बादलीपासून सिमेंटच्या पोत्यापलीकडे आपण डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पोचतो. पहिल्या काही अंशांत सावरली तर सावरली. त्यानंतर तुमची तालीम, तुमचा व्यायाम, तुमचा अभिमान, कशाचाही उपयोग नाही.

त्या दिवशी टाकी काठोकाठ भरलेली होती, हेही त्यात आलं. १३ लिटर पेट्रोल म्हणजे जवळपास १० किलो, तेही गाडीच्या सगळ्यात वरच्या भागात.

काकांनी हे सगळं एका वाक्यात सांगितलं. "गाडी एका आधारावरनं दुसऱ्या आधारावर जाते ना, तेव्हा ती कुणाचीच नसते. आम्ही जॅक लावला की आधी चाकांना दगड लावायचो, मग पुढचं बोलायचो."

स्टँड लावण्याआधी

जागा सपाट आणि कोरडी हवी. पार्किंगच्या फरशीला पाणी निघून जावं म्हणून उतार दिलेला असतो, तो डोळ्यांना दिसत नाही. थोडं पाणी ओतून बघा, कुठं पळतं ते. फरशीच्या सांध्यात किंवा खड्यावर स्टँडचं चाक अडकलं तरी एक बाजू मागे राहते, म्हणून आधी झाडून घ्या. गाडी धुवायची असेल तर आधी चेनचं काम करा आणि मग पाणी घाला. मी नेमकं उलटं केलं होतं.

पायात बूट हवेत. चप्पल घालून १८७ किलोशी व्यवहार करू नये.

पॅडमधलं अंतर तुमच्या गाडीच्या स्विंगआर्मइतकं जुळवून बोल्ट आवळून घ्या. ज्या गाड्यांना स्विंगआर्मवर बॉबिन बसवायची सोय असते, त्यांनी ती बसवावीच. स्टँडच्या खाचेत बॉबिन अडकते, त्यामुळे रबरी पॅडसारखी घसरत नाही. मात्र बॉबिनचा आटा गाडीप्रमाणे ६, ८ किंवा १० मिलिमीटरचा असतो. आपल्या गाडीचा पाहूनच घ्या, जबरदस्तीनं पिळू नका.

हँडलचं लॉक काढा, हँडल सरळ ठेवा. आजूबाजूला सायकल, स्कूटर, कुंडी असेल तर हलवा. लहान मुलं असतील तर त्यांना आधी घरी पाठवा. पोरांना अशा वेळी नेमकं उजव्या बाजूला वाकून बघायचं असतं.

लावताना

दुसरा माणूस हवा. त्याला ताकद नको, फक्त जागा बरोबर हवी. तो गाडीसमोर, तिच्याकडे तोंड करून उभा राहील, पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरेल आणि दोन्ही हातांनी हँडलची दोन्ही टोकं. गाडी कुठल्याही बाजूला कलायला लागली की ते त्याला पहिल्या अंशातच कळतं, आणि पहिल्या अंशात ती कुणालाही सावरता येते.

क्रम असा. साइड स्टँड उघडाच राहू द्या. आधी गाडी सरळ उभी करा, मग स्टँड पुढे सरकवा. दोन्ही पॅड टेकलेत हे हातानं नव्हे, डोळ्यांनी बघा. वाकून उजवीकडचा बघा, शक्य नसेल तर समोरच्याला विचारा. मगच दांडा सावकाश, दोन्ही बाजूंना सारखा दाब पडेल असा खाली न्या. अर्ध्यात काही विचित्र वाटलं तर गाडी परत साइड स्टँडवर द्या आणि पहिल्यापासून सुरुवात करा. 'आता अर्धी उचललीच आहे' हा विचार महागात पडतो.

पुढचं चाकही उचलायचं असेल तर आधी मागचा स्टँड, नंतर पुढचा. काढताना उलटं.

उतरवताना तर अधिक सांभाळावं लागतं, कारण काम झालेलं असतं आणि मन चहाकडे लागलेलं असतं. गाडी पहिल्या गियरमध्ये टाका, म्हणजे चाक टेकल्यावर ती पळणार नाही. साइड स्टँड बाहेर आहे हे पुन्हा बघा. आणि त्याच माणसाला पुन्हा हाक मारा.

डबल स्टँड असलेल्या गाडीवाल्यांनी निश्चिंत होऊ नये. तिथेही चूक तीच होते, एकाच पायावर गाडी ओढायची. डबल स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला टेकल्याचं तळपायाला जाणवलं पाहिजे. मग गाडी हातानं उचलायची नाही. अंगाचा सगळा भार स्टँडच्या खुंटीवर द्यायचा, हात फक्त दिशा दाखवायला.

एक सूचना वेगळी, पण याहून मोठी. चाक अधांतरी आहे म्हणून इंजिन चालू करून, गियर टाकून चेन पुसू नका. चेन आणि दातेरी चक्र यांच्यामध्ये सापडलेलं बोट परत मिळत नाही. इंजिन बंद, किल्ली खिशात, चाक हातानं फिरवायचं.

पडलीच तर

सोडून द्या. हे लिहायला सोपं आहे, करायला अवघड, कारण हात आपोआप पुढे जातो. म्हणून आधीच ठरवून ठेवा: ठरावीक कलापलीकडे गेली की हात सोडायचे आणि मागे सरायचं. माझा आरसा, पुढच्या ब्रेकचा लिव्हर आणि इंडिकेटर मिळून बावीसशे रुपये गेले. क्रॅश गार्डमुळे टाकी वाचली. या खर्चासाठी विम्याचा दावा मी केला नाही, कारण पाच वर्षं दावा न केल्यावर मिळणारी ५० टक्क्यांची सूट बावीसशे रुपयांपायी कोण घालवेल? पण कमरेत भरलेली चमक जायला तीन आठवडे लागले, आणि ती मी गाडी पडताना धरून ठेवल्यामुळे भरली. धरून ठेवूनही ती पडलीच.

उचलताना घाई नको. किल्ली बंद. पेट्रोल गळतंय का ते बघा. गाडी उजवीकडे पडली असेल तर डावी बाजू वर असते, म्हणून आधी साइड स्टँड उघडा आणि गियर टाका. नाहीतर उचलण्याच्या जोशात ती दुसऱ्या बाजूला जाते, आणि मग दोन्ही बाजूंची मोडतोड होते. हँडल पडलेल्या बाजूला पूर्ण वळवा. सीटकडे पाठ करून बसा, एका हातात खालची मूठ, दुसऱ्यात ग्रॅब रेल, आणि पायांच्या जोरावर मागे मागे छोटी पावलं टाकत उभे राहा. काका असतील तर उत्तमच.

उभी केली की लगेच बटण दाबू नका. आडव्या गाडीत ऑइल भलतीकडे गेलेलं असू शकतं. दहा-पंधरा मिनिटं थांबा, ऑइलची पातळी बघा. कलल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर असलेल्या गाड्या किल्ली एकदा बंद-चालू केल्याशिवाय सुरू होत नाहीत, तेव्हा घाबरू नका. ॲक्सिलरेटर सोडल्यावर आपोआप परततो का, ब्रेकचं पेडल वाकून दाबलेलं राहिलंय का, हँडल चाकाशी सरळ आहे का, हे बघून आधी आवारातच एक फेरी मारा.

आणि मुळात स्टँड लागतो का?

दुसऱ्या दिवशी पूजा झाली. उजव्या बाजूला आरसा नव्हता, म्हणून झेंडूची माळ सुतळीनं बांधावी लागली. बायको म्हणाली, "या वर्षी गाडीनंच सीमोल्लंघन केलं." काका प्रसाद घ्यायला आले होते. त्यांनी मला एक गोष्ट दाखवली, जी सतरा वर्षांत मला सुचली नव्हती. गाडी साइड स्टँडवर ठेवून चेनचा दिसेल तेवढा भाग पुसायचा, वंगण लावायचं, गाडी पुढे ढकलायची आणि पुन्हा साइड स्टँडवर टेकवून पुढचा भाग. तीन-चार खेपांत सगळी चेन होते. स्टँड नको, तरफ नको. चेनच्या रोजच्या देखभालीला हे पुरतं. चाक काढायचं असेल, टायर बदलायचा असेल, तेव्हाच पॅडॉक स्टँड बाहेर येतो.

तो बाहेर आला की मी पहिल्यांदा बूट घालतो. मग तळमजल्याची बेल वाजवतो. काका बनियनवरच येतात, चष्मा डोक्यावर सरकवतात, पुढचं चाक गुडघ्यांत धरतात. मी वाकून उजवीकडचा पॅड बघतो. ते वरून विचारतात, "टेकला?"

"टेकला."

"परत बघ."

मी परत बघतो.

"हां. दाब आता."